घरगुती प्रोपेन टाकी : भूपृष्ठावर की भूमिगत?

अमेरिकेच्या ग्रामीण भागात जेथे नैसर्गिक वायूची नळवाहिनी पोहोचलेली नाही, तेथे घर उबदार ठेवण्यासाठी व स्वयंपाकासाठी आवारात प्रोपेनची टाकी बसविली जाते. ती भूपृष्ठावर असावी की भूमिगत, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. ‘एनएफपीए ५८’ या अमेरिकी सुरक्षा संहितेनुसार १,००० गॅलन क्षमतेची टाकी भूपृष्ठावर असल्यास इमारतीपासून सामान्यतः किमान २५ फूट, तर भूमिगत असल्यास १० फूट दूर असावी लागते. त्यामुळे मर्यादित जागेत भूमिगत टाकी सोयीची ठरते. शिवाय कडाक्याच्या थंडीत उघड्यावरील टाकीतील द्रवरूप प्रोपेनचे बाष्पीभवन मंदावते. जमिनीखालील तापमान तुलनेने स्थिर राहते.

परंतु भूमिगत टाकीचे गंजणे डोळ्यांना दिसत नाही. तिला संरक्षक लेप व स्वतः झिजून पोलाद वाचविणारे मॅग्नेशियमचे धनाग्र आवश्यक असते आणि या संरक्षणाची विद्युत-मापनाद्वारे वेळोवेळी तपासणी करावी लागते. भूपृष्ठावरील टाकीची पाहणी व दुरुस्ती सुलभ असून ती बसविण्याचा खर्चही कमी असतो. सारांश, जागा अपुरी असेल आणि नियमित तपासणीची तयारी असेल, तरच भूमिगत टाकीची निवड योग्य ठरते. अन्यथा डोळ्यांसमोरील टाकीच अधिक विश्वसनीय होय.