दोन प्रणाली, एक दप्तर

नांदेड वा लातूर जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाच्या घरी दोन संगणक असावेत, एकावर विंडोज व दुसऱ्यावर लिनक्स, आणि निकालपत्रके पेनड्राइव्हने इकडून तिकडे न्यावी लागावीत, हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. अशाने एकाच पत्रकाच्या दोन भिन्न प्रती होतात, आणि खरे गुण कोणत्या प्रतीत आहेत हा घोळ अखेर विद्यार्थ्यास भोवतो. यावरील उपाय सोपा व विनामूल्य आहे.

दोन्ही प्रणालींची डिस्कवर लिहिण्याची पद्धती भिन्न, म्हणून त्यांच्यात देवघेव अशक्य, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जाळ्यातून फाइल मागितली असता ती ज्या संगणकावर असते तोच आपली डिस्क वाचतो व केवळ मजकूर पाठवितो. प्रश्न उरतो तो मागणीच्या भाषेचा. देगलूरच्या बाजारात मराठी व तेलुगू, उदगीरच्या बाजारात मराठी व कन्नड बोलणारे एकत्र येतात. कोणी मातृभाषा सोडीत नाही, परंतु व्यवहारापुरती एक बोली ठरते. संगणकांच्या अशा व्यवहारबोलीस एसएमबी म्हणतात. तिचा आरंभ आयबीएम कंपनीत झाला व विंडोजमध्ये ती रूढ झाली. कॅनबेरा येथील विद्यार्थी ॲन्ड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये जाळ्यातून जाणारे संदेश निरखून ती उमगून घेतली. त्यातून निघालेली 'सांबा' ही आज्ञावली लिनक्सला हीच बोली शिकविते. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने असलेला शब्द शब्दसूचीत शोधता हे नाव सापडले. सांबसदाशिवाशी त्याचा संबंध नाही.

कृती अशी. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडावेत. लिनक्सवर सांबा बसवून एकच फोल्डर सामायिक करावा आणि वापरकर्त्यास सांबाचा स्वतंत्र संकेतशब्द द्यावा. प्रवेशाचा नेहमीचा संकेतशब्द येथे आपोआप चालत नाही. मग विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा व त्यांपुढे लिनक्स संगणकाचा जाळ्यातील क्रमांक लिहावा. नाव व संकेतशब्द देताच फोल्डर उघडतो.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा उपद्रव तिच्यातील दोषामधूनच जगभर पसरला. ज्यास केवळ वाचावयाचे आहे त्यास लिहिण्याची मुभा देऊ नये. फाइलींच्या नावांत प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम घालू नये. विंडोजला ते चालत नाहीत. रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे लिनक्स वेगळी मानते, विंडोज मानीत नाही. देवनागरीत हा भेदच नसल्याने युनिकोडमधील मराठी नावे सोयीची ठरतात.

सर्वांत महत्त्वाचे हे की, सामायिक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एका संगणकावरून पुसलेले पत्रक दुसऱ्यावरूनही नाहीसे होते. म्हणून निकालाची एक प्रत निराळ्या साधनावर जपून ठेवावी.