एलिझाबेथ रीडच्या बाजूने

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मेकन नावाचं शहर आहे. तिथे बसून कुणी म्हणालं की ‘फ्री बर्ड’ हे सदर्न रॉकमधलं सगळ्यांत थोर गाणं, तर त्याला लगेच कुणीतरी अडवतं. मेकन हे ऑलमन ब्रदर्स बँडचं गाव. तिथे ‘व्हिपिंग पोस्ट’चं नाव घ्यायचं, नाहीतर ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’चं. तेच वाक्य चार तासांवरच्या, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये म्हटलं तर माना डोलतात, कारण ‘फ्री बर्ड’वाले लिनर्ड स्किनर्ड तिथलेच. मग तिसरा माणूस आठवण करून देतो की ऑलमन ब्रदर्सही 1969 साली जॅक्सनव्हिलमध्येच जमले आणि नंतर मेकनला आले. वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी मूळ मिरजेचा, सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेला. नोकरीची बरीच वर्षं मेकनजवळच्या एका कागद कारखान्यात मेंटेनन्सला काढली. रात्रपाळीत मशीन नीट चालत असलं की कंट्रोल रूममध्ये गप्पांना वेळ मिळायचा, आणि गप्पा हमखास गाण्यांवर यायच्या. आघाडीवर दोघे असत. एक अलाबामाचा गोरा इलेक्ट्रिशियन, दुसरे आमचे पाळीप्रमुख, मेकनमध्येच जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. या दोघांना भांडताना ऐकून मी हे संगीत शिकलो. आवडतं गाणं सांगताना माणूस आपली दक्षिण कोणती हे सांगत असतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

आधी थोडं संगीताविषयी. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांचं ब्लूज आणि चर्चमधलं गॉस्पेल, गोऱ्या खेड्यांतलं कंट्री, आणि शहरांतल्या रेडिओवरचं सोल हे सगळं एकाच हवेत होतं, पण माणसांची बसायची जागा वेगळी होती. 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत तर कायद्यानेच वेगळी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या तरुण मुलांनी या सगळ्याची मोट बांधली, दोन-दोन, तीन-तीन गिटार घेतल्या आणि गाण्याच्या मध्ये दहा-दहा मिनिटं नुसतं वाजवायला सुरुवात केली. मेकनच्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स कंपनीने या लाटेला घर दिलं. ती चालवणारा फिल वॉल्डन आधी ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय सोल गायकाचा मॅनेजर होता, म्हणजे पाया तिथलाच. ‘सदर्न रॉक’ हे लेबल मात्र ऑलमन ब्रदर्समधल्या ग्रेग ऑलमनला आवडत नसे. रॉक जन्मलाच दक्षिणेत, मग वेगळं ‘दक्षिणी’ कशाला म्हणायचं, असं त्याचं म्हणणं.

इलेक्ट्रिशियनचं मत कायम ‘फ्री बर्ड’ला. 1973 च्या पहिल्या अल्बमवर ते नऊ मिनिटांच्या वर आहे. रेकॉर्ड कंपनीला ते फार लांब वाटलं होतं. रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांची गाणी लागत. संथ ऑर्गन, वर गॅरी रॉसिंग्टनची रडवेली स्लाइड गिटार, मग रॉनी व्हॅन झँटचा साधा, सरळ आवाज, आणि अर्ध्यावर लय एकदम दुप्पट होऊन ॲलन कॉलिन्सची गिटार सुटते ती शेवटपर्यंत थांबत नाही. सुरुवातीच्या पियानोची हकिकत इलेक्ट्रिशियन फार प्रेमाने सांगायचा. बिली पॉवेल हा बँडचं सामान उचलणारा पोऱ्या. त्याने एकदा या गाण्याला स्वतः बसवलेली पियानोची सुरुवात वाजवून दाखवली आणि त्याच्या जोरावर तो बँडमध्ये आला.

‘पण अल्बमवरचं नको, फॉक्सचं ऐक,’ तो म्हणायचा. अटलांटाचं फॉक्स थिएटर सत्तरच्या दशकात पाडायचं घाटत होतं. ते वाचवण्याच्या मोहिमेच्या काळात, 1976 च्या जुलैमध्ये, स्किनर्डने तिथे कार्यक्रम केले आणि त्यांचा ‘वन मोअर फ्रॉम द रोड’ हा अल्बम निघाला. व्हॅन झँट लोकांना विचारतो, कोणतं गाणं ऐकायचंय, आणि सगळं थिएटर एका आवाजात नाव घेतं. तेव्हापासून जगात कुठल्याही बँडच्या कार्यक्रमात मागून कुणीतरी ‘फ्री बर्ड!’ ओरडतोच. पुढच्याच वर्षी, 20 ऑक्टोबर 1977 ला, मिसिसिपीत गिल्सबर्गजवळ बँडचं विमान इंधन संपून जंगलात कोसळलं. रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण कॅसी, बँडचा एक सहकारी आणि दोन्ही वैमानिक, असे सहा जण गेले. नवा अल्बम बाजारात येऊन तीनच दिवस झाले होते. ‘फ्री बर्ड’ला मत देणाऱ्याच्या मनात हे विमान असतंच, आणि त्या मताला मी कधी कमी लेखलं नाही.

पाळीप्रमुखांना स्किनर्डचं नाव काढलं की पहिल्यांदा आठवायचं ते ‘स्वीट होम अलाबामा’. कंट्रोल रूममधला खरा वाद इथे व्हायचा.

गाणं 1974 चं. नील यंग या कॅनेडियन गायकाने ‘सदर्न मॅन’ आणि ‘अलाबामा’ या दोन गाण्यांत दक्षिणेच्या वंशद्वेषावर कोरडे ओढले होते, त्याला हे उत्तर. लिहिणाऱ्या तिघांपैकी अलाबामाचा एकही नाही. दोघे फ्लोरिडाचे, आणि ज्याच्या गिटारवर ती अजरामर धून सुचली तो एड किंग कॅलिफोर्नियाचा. गाण्यात बर्मिंगहॅम शहर आणि तिथल्या लाडक्या गव्हर्नरचा उल्लेख येतो. तो गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस, वर्णभेदाचा उघड पुरस्कर्ता. त्या ओळीमागे निषेधाचे आवाज ऐकू येतात. इलेक्ट्रिशियन म्हणायचा, ‘बघ, ते त्याची हुर्यो उडवतायत.’ पाळीप्रमुख शांतपणे म्हणायचे, ‘स्टेडियममध्ये साठ हजार लोक ओरडून गातात, तेव्हा मागचा आवाज कुणाला ऐकू येतो?’

बर्मिंगहॅम म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे 15 सप्टेंबर 1963 यायचा. त्या रविवारी तिथल्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बने चार मुली मारल्या. गाणं त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी आलं. ‘हे शहराचं नाव मला नुसतं ठेक्यात ऐकता येत नाही,’ असं ते म्हणाले तेव्हा इलेक्ट्रिशियन गप्प बसला होता, आणि मला वाटतं ते त्याने योग्य केलं.

तरी या गाण्याला एका वाक्यात निकालात काढता येत नाही. मागे गाणाऱ्या बायकांत क्लायडी किंग आणि मेरी क्लेटन आहेत, दोघी कृष्णवर्णीय. क्लेटनने पुढे मुलाखतींत सांगितलं की तिला हे गाणं आधी नकोच होतं, क्लायडीने तिला तयार केलं. स्वतः नील यंगने 2012 च्या आत्मचरित्रात कबूल केलं की त्याचं ‘अलाबामा’ हे गाणं टोमणा खायच्या लायकीचंच होतं. व्हॅन झँट नील यंगच्या चित्राचा टी-शर्ट घालून अल्बमच्या मुखपृष्ठावर उभा राहिला होता. आणि याच बँडने 1975 मध्ये ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ हे स्वस्त पिस्तुलांविरुद्धचं गाणं केलं, दक्षिणेत, जिथे बंदूक घराघरांत असते. माझ्या दृष्टीने स्किनर्डचं सगळ्यांत धाडसी गाणं ते.

झेंड्याबद्दल मात्र मी पूर्णपणे पाळीप्रमुखांच्या बाजूला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्याचा तो झेंडा स्किनर्डच्या मंचामागे वर्षानुवर्षं लटकला. रॉक गायक टॉम पेटीही फ्लोरिडाचाच. ऐंशीच्या दशकातल्या एका दौऱ्यात त्यानेही तो वापरला होता, आणि 2015 मध्ये त्याने ती आपली चूक होती असं जाहीरपणे सांगितलं. असं बोलल्याने त्याची दक्षिण कमी झाली नाही.

दुसरा एक वाद मी चटकन आटोपतो: दक्षिणेचं कोण? क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल दलदलीची गाणी म्हणायचे, पण होते कॅलिफोर्नियाचे. ‘द बँड’मध्ये चार कॅनेडियन आणि एकटा लेव्हॉन हेल्म आर्कान्सॉचा. झेडझेड टॉप टेक्सासचे, आणि टेक्सासचा माणूस स्वतःला आधी टेक्सासचा म्हणवतो. मी यात पडत नाही. कुणी साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या मार्शल टकर बँडला विसरलं तर मात्र बोलतो. 1973 च्या ‘कान्ट यू सी’ची सुरुवात बासरीने होते, रॉकमध्ये बासरी! आणि टॉय कॅल्डवेल, व्हिएतनाममधून जखमी होऊन परतलेला, पिकशिवाय नुसत्या अंगठ्याने गिटार वाजवतो. त्या अंगठ्याचा गोलसर आवाज एकदा कानात बसला की इतर कुणाचा वाटत नाही.

आता मेकन. ऑलमन ब्रदर्स 1969 मध्ये इथे आले तेव्हा पैसे नव्हते. एच अँड एच या छोट्या खानावळीत थोड्या थाळ्या मागवून सगळे वाटून खायचे. खानावळ चालवणाऱ्या आयनेझ हिल आणि लुईस हडसन या दोघी कृष्णवर्णीय बायकांनी त्यांना पोटभर जेवू घातलं. लांब केसांची गोरी पोरं आणि त्यांच्यात जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर, जो आधी ओटिस रेडिंगबरोबर वाजवून आला होता. त्या काळातल्या जॉर्जियात असा बँड एका टेबलावर बसणं ही साधी गोष्ट नव्हती. पाळीप्रमुखांना हे सांगताना अभिमान वाटायचा.

ऑलमन भावांतला मोठा ड्युएन. 1968 च्या नोव्हेंबरात, बाविसाव्या वाढदिवशी, घोड्यावरून पडून कोपर दुखावलेलं, वर सर्दी. धाकट्या ग्रेगने त्याला ताज महाल या ब्लूज गायकाची रेकॉर्ड आणि सर्दीच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. ड्युएनने गोळ्या ओतून टाकल्या, काचेची रिकामी बाटली बोटात घातली आणि ती तारांवर सरकवायला लागला. विचित्र वीणा काचेच्या गोळ्याने वाजते, तोच न्याय: पडद्यांच्या मधले सूर मोकळे होतात, मींड शक्य होते. ब्लाइंड विली मॅक्टेलचं 1928 चं ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ड्युएनने या बाटलीवर वाजवलं, ते ऐकल्यावर मिरजेत मींड ऐकलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

ते ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ज्या रेकॉर्डवर आहे ती म्हणजे ‘ॲट फिलमोर ईस्ट’, न्यूयॉर्कमध्ये मार्च 1971 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली. ‘व्हिपिंग पोस्ट’ तिच्या शेवटच्या बाजूवर एकटंच आहे, सुमारे 23 मिनिटं. ग्रेगला ते रात्री सुचलं तेव्हा कागद-पेन सापडेना, म्हणून त्याने जळलेल्या काडीने इस्त्रीच्या फळीच्या कापडावर लिहून ठेवलं. सुरुवातीचं आवर्तन 11 मात्रांचं, तीन-तीन-तीन-दोन. आपल्याकडे 11 मात्रांचा रुद्रताल आहे, ग्रेगला मात्र आपण अकरा मोजतोय हेही ठाऊक नव्हतं, ते ड्युएनने सांगितलं. पाळीप्रमुखांचं मत या गाण्याला.

माझं मत त्याच रेकॉर्डवरच्या ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ला. त्यात शब्द नाहीत. गिटारवादक डिकी बेट्स मेकनच्या रोज हिल दफनभूमीत जाऊन बसत असे. धून एका जिवंत स्त्रीसाठी होती, तिचं नाव उघड करायचं नव्हतं, म्हणून तिथल्या एका थडग्यावरचं नाव दिलं. तेरा मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बेट्स आधी गिटारचा व्हॉल्यूम बंद ठेवून तार छेडतो आणि मग हळूहळू आवाज उघडतो, त्यामुळे सूर गजावर ओढल्यासारखा उगवतो. मग ड्युएन येतो, दोघे मिळून मुखडा वाजवतात, दोन गिटारींत स्वरांचं ठरावीक अंतर ठेवून. लय वाढते. बेट्स, मग ग्रेगचा ऑर्गन, मग ड्युएन. ड्युएन एकदा टोकाला जातो, पुन्हा अगदी खाली येतो, सगळे त्याच्याबरोबर खाली येतात, आणि तो दुसऱ्यांदा वर चढतो. जेमोने या मुलांना जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन ऐकवले होते, ते इथे कळतं. सहा माणसं एकमेकांचं ऐकून पुढचं पाऊल टाकतायत, त्यात दोन ड्रमर, एक काळा, एक गोरा. दक्षिणेच्या बाजूने किंवा विरोधात एक शब्दही न बोलता दक्षिणेत काय घडू शकतं ते त्यांनी वाजवून ठेवलंय. म्हणून माझं मत तिथे.

त्याच वर्षी, 1971 च्या 29 ऑक्टोबरला, ड्युएन मेकनमध्ये मोटरसायकल अपघातात गेला, वय 24. पुढच्या वर्षी बास वाजवणारा बेरी ओकलीही तसाच, तिथून जवळच, त्याच वयात. दोघे रोज हिलमध्ये शेजारी आहेत. दुसरा ड्रमर बुच ट्रक्स, त्याचा पुतण्या डेरेक पुढे याच बँडमध्ये स्लाइड वाजवू लागला. उस्ताद अली अकबर खाँचा सरोद ऐकून त्याने आपली स्लाइड घडवली. मिरजेत कुणाला या संगीतात यायचं असेल तर मी डेरेकपासून सुरुवात करायला सांगतो, तिथून ड्युएन, मग स्किनर्ड.

इलेक्ट्रिशियन निवृत्त होऊन अलाबामात परत गेला. त्याचं मत अजून ‘फ्री बर्ड’लाच आहे. फॉक्सचं रेकॉर्डिंग अल्बमपेक्षा सरस, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पहिल्या क्रमांकाचं नाही.