काळ्या पडद्यावरची निळी अक्षरे

शाळेच्या संगणककक्षात लिनक्सचे टर्मिनल उघडून ‘एलएस’ ही आज्ञा दिली, की फायली व फोल्डर यांच्या नावांची यादी पडद्यावर उमटते. फायलींची नावे बहुधा पांढरी असतात, फोल्डरांची निळी. काही संगणकांवर हा निळा इतका गडद असतो, की मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला ती नावे वाचताच येत नाहीत. आपण त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगतो. त्याआधी हा रंग कोण ठरवतो ते पाहू.

टर्मिनल म्हणजे केवळ अक्षरांच्या देवघेवीची खिडकी. संगणकाकडून येणारा अक्षरांचा प्रवाह ती एकामागून एक दाखवत जाते. मग रंगाचा निरोप कसा पाठवायचा? तोही याच प्रवाहात मिसळून. २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे न दिसणारे चिन्ह, त्यानंतर डावा चौकोनी कंस, मग ३१ हा आकडा आणि शेवटी इंग्रजी ‘एम’ असे आले, की टर्मिनल समजते : ही अक्षरे छापायची नाहीत, पुढची अक्षरे लाल करायची. ३१ ऐवजी ० पाठवला, की सारे पूर्ववत होते. तो पाठवायचे राहून गेले तर पुढचा सगळा मजकूर लालच येत राहतो. अशा वेळी ‘रीसेट’ ही आज्ञा द्यावी. १९७८ साली आलेल्या डीईसी कंपनीच्या व्हीटी-१०० या एकरंगी टर्मिनलमध्येही याच पद्धतीने अक्षरे ठळक (१), अधोरेखित (४) किंवा लुकलुकती (५) करता येत.

रंगांचे आकडे ३० ते ३७ आहेत आणि त्यांचा क्रम वर्गात सांगण्याजोगा आहे. लाल प्रकाशाला १, हिरव्याला २, निळ्याला ४ असे गुण द्या. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, म्हणून पिवळा ३. लाल आणि निळा मिळून किरमिजी, ५. हिरवा आणि निळा मिळून मोरपंशी, ६. तिन्ही मिळून पांढरा, ७. आणि काहीच नसेल तर काळा, ०. या प्रत्येकात ३० मिळवले की झाले. द्विमान पद्धती आणि प्रकाशाची बेरीज असे दोन धडे एकाच ठिकाणी भेटतात. (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र ‘कलर ४’ म्हटले तर निळा न मिळता लाल मिळतो. तेथे १९८१ च्या आयबीएम रंगपद्धतीचा क्रम आजही चालू आहे आणि त्यात निळ्याला १, लालला ४ आहे.)

आता मुख्य मुद्दा. ‘एलएस’ आज्ञा फोल्डरासाठी ‘ठळक’ आणि ३४ एवढेच सांगते. ३४ म्हणजे नेमका कोणता निळा, हे टर्मिनलजवळच्या कोष्टकात लिहिलेले असते. हे कोष्टक आपल्या हातचे आहे.

त्यात शुद्ध निळा असेल तर काय होते? डोळ्यांना जाणवणाऱ्या पांढऱ्या पडद्याच्या तेजात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. पांढऱ्याचे तेज १ व काळ्याचे ० धरून, दोन्ही रंगांच्या तेजात ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागले की विरोधाचे प्रमाण मिळते. काळ्यावर पांढरा : २१. काळ्यावर शुद्ध निळा : ०.१२२ भागिले ०.०५, म्हणजे सुमारे २.४. वेबपानांसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ हवे असे सांगितले आहे. त्या विद्यार्थ्याची तक्रार रास्तच होती! मायक्रोसॉफ्टनेही २०१७ मध्ये आपल्या कन्सोलचा गडद निळा वाचता यावा म्हणून बदलला.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ग्नोम टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये आपल्या प्रोफाइलखाली रंगांचे पान असते. तेथील आठ-आठ चौकोनांच्या दोन ओळींपैकी वरच्या ओळीतला पाचवा चौकोन आपला निळा. त्यात लाल १००, हिरवा १५०, निळा २५५ असे भरले, की प्रमाण ७ च्या वर जाते. काही टर्मिनले ठळक अक्षरांना खालच्या ओळीतला उजळ रंग लावतात, म्हणून तेथील पाचवा चौकोनही तपासावा. पार्श्वभूमी पांढरी करणाऱ्यांनी पिवळ्याकडे पाहावे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचे प्रमाण जेमतेम १.०७ भरते, म्हणजे अक्षरे जवळजवळ गायब.

लाल-हिरवा भेद नीट न कळणारे विद्यार्थीही वर्गात असू शकतात, मुलांमध्ये अधिक, कारण संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. त्यांच्यासाठी लाल थोडा नारिंगी आणि हिरवा निळसर करावा. पण विद्यार्थी स्वतः आज्ञावली लिहीत असतील, तर ‘चूक’ आणि ‘बरोबर’ हे शब्दही छापायला सांगावेत. नुसत्या रंगावर विसंबू नये.

अलीकडची टर्मिनले २५६ रंग, आणि बरीचशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग दाखवतात. त्यांत लाल, हिरवा, निळा यांची मापे आज्ञावलीच थेट पाठवू शकते आणि आपले कोष्टक बाजूला पडते. आम्हाला ही सोय शोभेची वाटते. साध्या मजकुराला पहिले सोळा रंग पुरतात, आणि ते वाचणाऱ्याला आपल्या डोळ्यांप्रमाणे बदलता येतात.