मासा नको, सावली बघ

"माशाक बघू नको रे, तेची सावळी बघ." तात्यांनी हे मला तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही मला वाळूशिवाय काही दिसलं नाही.

देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर आम्ही उभे होतो. डिसेंबर संपत आला होता. सकाळचे साडेनऊ वाजलेले. पाणी गुडघ्याएवढं आणि इतकं नितळ की पायाच्या नखांवर बसलेली वाळू दिसत होती. माझ्या मावशीचे शेजारी असलेल्या तात्यांच्या कोपरावर पाग, म्हणजे फेकजाळं, दुमडून टांगलेलं. कडेला शिशाचे मणी, मनगटात दोरीचा फास. पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेल्या माझ्या हातात पाच फुटी हलका रॉड, चिमुकलं रीळ, केसासारखा तंगूस आणि नखाएवढा गळ. मला मुडदुशी हवी होती. तात्या शेवट्यांच्या मागे होते. मुंबई-रायगडकडे या माशाला बोय म्हणतात.

आमची दोघांची हत्यारं वेगळी, पण दोघांनाही मासा आधी दिसायला हवा होता. खोल पाण्यात गळ सोडून बसणारा माणूस नशिबाची वाट पाहतो. उथळ पाण्यात मासा हेरून मग हात उचलायचा असतो, आणि खरी कसरत इथेच सुरू होते. मासा दिसू नये याची तजवीज निसर्गाने फार बारकाईने केली आहे.

माशाच्या अंगावरची चांदी ही चांदी नाही आणि रंगही नाही. खवल्यांखाली ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक पापुद्र्यासारखे एकावर एक रचलेले असतात. हे तेच ग्वानिन, ज्याचं नाव डीएनएच्या चार अक्षरांत येतं. या पापुद्र्यांचा आरसा तयार होतो. पाण्यात चारी बाजूंचा उजेड साधारण सारखाच असतो, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला या आरशात पाण्याचंच प्रतिबिंब दिसतं आणि मासा आरपार असल्यासारखा नाहीसा होतो. वरून पाहणाऱ्यासाठी पाठ वेगळी, तळाच्या रंगाची. मुडदुशी तर वाळूच्याच रंगाची, आणि भ्यायली की सरळ वाळूत शिरते.

पण सावलीला खवले नसतात. मासा कितीही आरसा झाला तरी त्याच्या देहाने अडवलेला उजेड खाली वाळूवर कमी पडणारच. पांढऱ्या वाळूवर करड्या रंगाचं एक बोट सरकताना दिसतं, त्याच्या वर काहीच दिसत नाही, आणि तरी त्याच्या वर मासा असतो.

इथे हिवाळा कामी येतो. पुणेकरांना शून्य सावलीचा दिवस नवा नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि गच्चीवर उभी केलेली बाटली स्वतःच्या पायाखाली सावली गिळून टाकते. देवबाग आणखी दक्षिणेला असल्याने तिथे हे मेच्या सुरुवातीलाच घडतं. त्या वेळी माशाची सावलीही नेमकी त्याच्या पोटाखाली लपते. डिसेंबरअखेर मात्र इथला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून 51 अंशांच्या वर चढत नाही, आणि सकाळी साडेनऊला जेमतेम 30 अंशांवर असतो. पाण्यात शिरताना किरण वाकतात, तरीही वाळूच्या वीतभर वर पोहणाऱ्या माशाची सावली जवळजवळ वीतभर बाजूला पडते. मासा एकीकडे आणि त्याची चहाडी करणारी सावली दुसरीकडे.

हिवाळ्याचे उपकार एवढ्यावर थांबत नाहीत. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गढूळपणा दिवाळीपर्यंत बसलेला असतो. शिवाय पहाटे मतलई वारे सुटतात. ते जमिनीकडून येतात, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्यावर लाट उठवायला त्यांना अंतरच मिळत नाही, आणि पाणी काचेसारखं पडून राहतं. दुपारी खारे वारे उलटे वाहू लागले की काच फुटते. म्हणजे सूर्य पुरेसा वर आल्यापासून वारा फिरेपर्यंतचे दोन-तीन तासच हाताशी. त्यातच ओहोटी जुळायला हवी. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तात्यांनी हे घड्याळाशिवाय काढलं होतं. मी मोबाइलवर पाहिलं, आणि मोबाइलने तात्यांना दुजोरा दिला.

सावली सापडली तरी मासा नेमका कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. तिरप्या नजरेला पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर आणि लांब वाटते. सरळ वरून पाहिलं तरी चार फूट खोल पाणी तीन फूटच भासतं. यावरचं एक उत्तर मी पुण्यात, येरवड्याजवळ मुळा-मुठेवर पाहिलं आहे. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत राहतो, मान खिळ्यासारखी स्थिर, आणि मग दगडासारखा सरळ खाली कोसळतो. नाकासमोर सरळ खाली पाहिलं की किरण वाकतच नाहीत. खोली चुकेल, पण दिशा चुकत नाही. (त्या पाण्यात त्याला मासा दिसतो, हेच मला जास्त नवलाचं वाटतं. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या याच नदीतल्या महसीरला तिचं मराठी नाव 'खुदरी' शास्त्रीय नावात कायमचं लावून दिलं. आज तिथल्या पुलावरून खाली पाहिलं तर खुदरी राहू द्या, तळ दिसला तरी पेढे वाटावेत.)

दुसरं उत्तर आमच्यापासून पन्नास पावलांवर उभं होतं. राखी रंगाचा समुद्र बगळा. तो वर उडत नाही, बाजूने तिरपी चोच मारतो, म्हणजे त्याला प्रत्येक वेळी चूक दुरुस्त करावी लागते. 1980च्या दशकात इस्राएली संशोधकांनी याच जातीच्या बगळ्यांवर प्रयोग केले. मासा दिसतो त्या खोलीचं आणि असतो त्या खोलीचं एक ठराविक नातं सांभाळूनच बगळा चोच मारतो, असं त्यांना आढळलं. शाळेत मला जे सूत्र घोकूनही आलं नाही, ते त्याच्या मानेत बसलेलं आहे.

माझ्याकडे मान नव्हती, गॉगल होता. पाण्यावरून परावर्तित होणारा चकाकता उजेड आडव्या दिशेत ध्रुवीभूत झालेला असतो, आणि पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून पाहिलं की जवळजवळ पूर्णच. पोलराइज्ड काच तेवढाच उजेड अडवते. गॉगल लावला की पाण्यावरचं आभाळ पुसलं जातं आणि तळ वर येतो. ही युक्ती सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' बोटीवरून केली होती. त्यांच्याकडे निकोलचा लोलक होता. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे मानत. रामन यांनी लोलक फिरवून ते प्रतिबिंब विझवलं आणि खाली पाहिलं, तर समुद्र स्वतःच निळा. 'नेचर'ला धाडलेल्या त्यांच्या टिपणावर मुंबई बंदर आणि 26 सप्टेंबर ही तारीख आहे. त्याच वाटेने पुढे 1930चं नोबेल आलं. बाजारात मिळणाऱ्या गॉगलमागे एवढं काही आहे हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनी तो क्षणभर डोळ्यांवर ठेवला, "बरो आसा" म्हणाले आणि परत केला. त्यांचा तळहात कपाळावर आडवा होता, तेवढं त्यांना पुरत होतं.

"थंयसर बघ, थंय." आणि अचानक मला दिसलं. सात-आठ करडी बोटं, एकाच दिशेने, वाळूवरून घसरत चाललेली.

मी दोन पावलं पुढे टाकली आणि बोटं गेली. नुसती पळाली नाहीत, पुसलीच गेली.

चूक दुहेरी होती. एक तर मी पाय उचलून आपटला. माशाच्या दोन्ही अंगांना पाण्यातली थरथर जाणणारी रेघ असते, तिला पाऊल फार लांबून कळतं. पाय वाळूतून घासत न्यायचा असतो, आणि त्याने पाकटही आधीच बाजूला होतं. त्याच्या शेपटीच्या काट्याची आठवण काढली तरी तात्यांचा चेहरा बदलतो. दुसरं म्हणजे सूर्य माझ्या पाठीशी होता. साडेपाच फुटी माणसाची सावली त्या वेळी नऊ-साडेनऊ फूट पुढे पडते, आणि ती मी थेट त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती.

यानंतर तात्यांनी मला कमरेत वाकवलं. याचंही गणित मागाहून कळलं. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला अख्खं आकाश एका गोल खिडकीत दिसतं. फूटभर खोलीवरच्या माशासाठी ती खिडकी सव्वादोन फुटांची, आणि तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे नुसता आरसा. क्षितिजालगतचे 10 अंश त्या खिडकीच्या काठाशी जेमतेम 1 अंशात चेपले जातात. वीस फुटांवर वाकून उभा असलेला माणूस त्या चेपलेल्या कडेत हरवतो, आणि ताठ उभा राहिला की खिडकीत डोकावतो.

वाकून, पाय घासत, आम्ही पंधरा मिनिटं घालवली. माझा रॉड मी काखेत धरला होता. पुन्हा सावल्या आल्या, या वेळी उजवीकडून. मी कुजबुजत बोट दाखवलं. तात्यांनी त्या बोटाकडे लक्षच दिलं नाही. जाळ्याची एक कड दातांत, एक हातात, कमरेतून एक गिरकी, आणि हवेत छत्री उघडावी तसं जाळं गोल फुललं. ते सावल्यांवर पडलं नाही. त्यांच्या दोन हात अलीकडे, सूर्याच्या बाजूला, जिथे मला नुसतं पाणी दिसत होतं तिथे पडलं.

शिशाचे मणी तळाला टेकले तशी तात्यांनी दोरी सावकाश ओढायला घेतली. जाळं काठावर आलं. आत पाच शेवटे होते, कोरड्या वाळूवर फडफडत, आणि आता प्रत्येकाची सावली त्याला अगदी चिकटून होती.