नाव नसलेला मासा वाचवायचा कसा?

सह्याद्रीत नवी पाल, नवा खेकडा, नवा बेडूक सापडल्याची बातमी आता वर्षातून अनेकदा वाचायला मिळते आणि दर वेळी आनंदच होतो. पण प्राण्यांच्या नावांच्या जगात तितकंच मोलाचं आणखी एक काम चालतं, त्याची बातमी सहसा होत नाही. ते काम जुनी नावं तपासण्याचं. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावं दिली असतील तर त्यातलं एक बाद करायचं. एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी नांदत असतील तर त्यांची ताटातूट करायची. हे काम म्हणजे दप्तरातली कारकुनी, असं विज्ञानाच्या क्षेत्रातही अनेकांना वाटतं. ही समजूत किती महागात पडते, ते कावेरीतल्या एका माशाने दाखवून दिलं आहे.

त्या माशाकडे वळण्याआधी नावांचा कायदा पाहू. हा कायदा आपल्या जमिनीच्या दप्तरासारखा चालतो. लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती ही इथली पहिली मोजणी, आणि तिची तारीख १ जानेवारी १७५८ अशी ठरवून दिलेली आहे. त्याआधीचा दावा चालत नाही. त्यानंतर ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. नोंदीमागे मूळ दस्त लागतो. तो म्हणजे संग्रहालयात जपलेला नमुना, ज्याच्यावरून ते नाव दिलं गेलं. प्राणी एका प्रजातीतून (जीनस) दुसरीत गेला की फेरफार होतो. नावाचा पहिला शब्द बदलतो, दुसरा टिकतो आणि मूळ नाव देणाऱ्याचं आडनाव कंसात जातं. दख्खनच्या महसीरची नोंद आज ‘टॉर खुद्री (सायक्स, १८३९)’ अशी होते. त्या कंसावरूनच कळतं, की सायक्सने हा मासा दुसऱ्या प्रजातीत नोंदवला होता. ती प्रजाती होती बार्बस.

प्लॅटिपसच्या नावात या कायद्याची करामत फार छान दिसते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या या अजब प्राण्याला जॉर्ज शॉ यांनी १७९९ मध्ये ‘प्लॅटिपस अॅनाटिनस’ म्हटलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत ब्लूमेनबाख यांनी त्याचं ‘ऑर्निथोऱ्हिंकस पॅराडॉक्सस’ असं बारसं केलं. ज्येष्ठता शॉची. पण ‘प्लॅटिपस’ हा शब्द १७९३ मध्येच हर्ब्स्ट यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला देऊन टाकला होता, आणि प्राणिजगतात दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही. म्हणून पहिला शब्द ब्लूमेनबाखचा घेतला, दुसरा शॉचा ठेवला आणि ‘ऑर्निथोऱ्हिंकस अॅनाटिनस’ हे नाव कायम झालं. भुंगेरा अजूनही ‘प्लॅटिपस’ आहे.

मात्र ज्येष्ठतेचा आग्रह टोकाला नेला तर रूढ नावांची घडी विस्कटते. ‘टायरॅनोसॉरस’ हे नाव ऑसबर्न यांनी १९०५ मध्ये दिलं. त्याआधी, १८९२ मध्ये कोप यांनी मणक्याच्या हाडांवरून ‘मॅनोस्पॉन्डिलस’ असं नाव दिलं होतं, आणि ती हाडं बहुधा याच प्राण्याची. मग टायरॅनोसॉरस बाद करायचा का? २००० पासून लागू झालेल्या, नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत यावर तोड आहे. जुनं नाव १८९९ नंतर कोणीही वैध म्हणून वापरलेलं नसेल आणि नवं नाव गेल्या पन्नास वर्षांत किमान दहा लेखकांच्या किमान पंचवीस लेखनांत आलेलं असेल, तर वापरातलं नाव राहतं.

हे सगळं कोणी बसवलं? डार्विन, वॉलेस ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. ह्यू स्ट्रिकलंड हे नाव क्वचितच कोणाच्या कानावरून गेलेलं असतं. नावांचा बाजार मांडला जातोय हे पाहून या तरुण इंग्रज निसर्गअभ्यासकाने नियमांचा मसुदा तयार केला आणि ब्रिटिश असोसिएशनची समिती त्यासाठी बसवली. त्या समितीत डार्विनही होते. १८४२ चे ते नियम आजच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा पाया आहेत. १८५३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कडेचे खडक तपासताना गाडीखाली सापडून स्ट्रिकलंड गेले, तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. दोन देशांतले दोन प्राणिशास्त्रज्ञ आज एकाच प्राण्याविषयी खात्रीने बोलू शकतात, यात या माणसाचा वाटा मोठा आहे. पाठ्यपुस्तकात त्यांच्यासाठी एक परिच्छेद तरी असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता कावेरी. या नदीत पाठीवर उंच कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर राहतो. जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी हा एक. १९४६ मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या गळाला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा लागला. गळ टाकणाऱ्यांमध्ये त्याची कीर्ती जगभर आहे. एवढ्या नामांकित माशाला २०१८ पर्यंत सर्वमान्य शास्त्रीय नाव नव्हतं.

होतं ते उसनं, आणि त्याचा उगम आपल्याकडचा. कर्नल विल्यम सायक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारे लष्करी अधिकारी. भीमेच्या खोऱ्यात फिरताना त्यांनी माशांची टिपणं आणि चित्रं केली आणि १८३९ मध्ये लंडनला अनेक नव्या जाती जाहीर केल्या. नावाचा दुसरा शब्द ठरवताना त्यांनी बऱ्याचदा स्थानिक नावच उचललं. ‘खुद्री’ पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला. ‘मुसुल्ला’ मिळाला शिरूरला, ज्या गावाला लोक आजही घोडनदी म्हणतात, तिथल्या घोड नदीत. मुसुल्लाचा मूळ नमुना हाती राहिला नाही, चित्र तेवढं राहिलं. पुढे ‘मुसुल्ला’ हे नाव कावेरीच्या कुबडवाल्या महसीरला चिकटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं.

२०१३ आणि २०१४ मध्ये संशोधकांनी सायक्सचं चित्र आणि वर्णन पुन्हा बारकाईने तपासलं. मुसुल्ला हा महसीरच नाही, तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीतला मासा आहे, असं त्यांनी दाखवलं आणि हरवलेल्या नमुन्याच्या जागी रीतसर नवा नमुना नेमला. घोडनदीच्या माशाला त्याचं नाव परत मिळालं. कावेरीचा महसीर मात्र निनावी झाला.

नावांच्या या घोळाचा परिणाम कागदापुरता नव्हता. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं होतं आणि तिथली पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. त्यात कावेरीही होती. महसीर वाचवावा हाच त्यामागचा हेतू. पण दप्तरी दोन्ही मासे ‘महसीर’च. मासा पकडून, नोंद करून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. निळसर परांचा खुद्री वाढत गेला होता आणि मूळचा कुबडवाला झपाट्याने घटला होता. एकूण महसीर भरपूर दिसत होते, त्यामुळे हा ऱ्हास कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. बाहेरून आलेला खुद्री हे ऱ्हासाचं एक कारण असावं, असा या संशोधकांचा संशय आहे.

संरक्षण मागायचं तर आधी नाव हवं, कारण जिला नाव नाही त्या जातीचं मूल्यमापन धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत होणं फार अवघड असतं. या गटाने कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतून नमुने मिळवले, शरीररचना आणि डीएनए दोन्ही पाहिलं. उत्तर केरळच्या पांबर नदीत निघालं. ही छोटी नदी अमरावतीमार्गे कावेरीलाच मिळते. तिथल्या लहान, पूर्ण न वाढलेल्या माशांवरून २००७ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ ही जात नोंदवली गेली होती. ती पिल्लं आणि कावेरीतले अजस्र मासे एकच, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं. नवं नाव घडवण्याचा मोह टाळून संशोधकांनी आधीच नोंदलेल्या नावाचा मान राखला. त्याच वर्षी हा मासा लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून दाखल झाला. नावाचा निवाडा आणि संरक्षणाचा पहिला कागद यांच्यात काही महिन्यांचंच अंतर होतं.

या सगळ्यात कोणाचा तरी मान कमी होतो का? लोणावळ्याच्या त्या कामात एस. एन. ओगले यांच्यासह आघाडीवर असलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचंच उदाहरण घ्या. मुंबई इलाख्यातल्या किनाऱ्यावरच्या एका इवल्याशा, जवळजवळ पारदर्शक माशासाठी १९४० मध्ये त्यांनी ‘होराइक्थिस’ ही नवी प्रजाती आणि नवं कुलही उभं केलं होतं. २००८ मध्ये लिन पॅरेंटी यांनी नातेसंबंधांचा सखोल अभ्यास करून ती प्रजाती ‘ओरायझियस’मध्ये विलीन केली. आजची नोंद ‘ओरायझियस सेटनाई (कुलकर्णी, १९४०)’ अशी आहे. वर्गीकरण सुधारलं आणि तो मासा पहिल्यांदा नीट पाहणाऱ्याचं श्रेय कंसात कायमचं शाबूत राहिलं. मतभेद मिटवण्याची इतकी सभ्य रीत मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात दिसलेली नाही.

अशा कामासाठी जुने ग्रंथ, संग्रहालयं आणि वर्षानुवर्षं माशांचे खवले नि परांचे काटे मोजणारी माणसं लागतात. नवा शोध म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही, त्यामुळे पैसाही तुटपुंजाच मिळतो. आणि आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे नदी. मूळ नमुना हरवला तर नवा नमुना शक्य तितका मूळ ठिकाणाच्या जवळचा हवा, असं संहिता सांगते. सायक्सला खुद्री मिळाला ते मुळा-मुठेचं पाणी आज शहराचा मैला वाहून नेतं. उद्या भीमेच्या खोऱ्यातल्या एखाद्या नावावर वाद उभा राहिला, तर तो मिटवायला त्या पाण्यात मासाच नसेल. म्हणून नदी स्वच्छ करण्याच्या खर्चाचा हिशोब मांडताना प्राणिशास्त्राची ही गरजही त्यात धरली पाहिजे.