पेपरच्या आधीची चाळण
(शोध हुशारीचा : भाग ४)

गेल्या आठवड्यात शिष्यवृत्ती परीक्षा पाहिली. आज नवोदय, आणि त्यातही परीक्षेपेक्षा तिचा अर्ज.

नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीचं. सिंधुदुर्गाचं विद्यालय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला. पाचवीत परीक्षा, सहावीपासून निवासी शिक्षण. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या.

पेपर शंभर गुणांचा. त्यातले पन्नास नुसत्या आकृत्यांना. तीन चौकोनांतली तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली, चौथ्यातली डावीकडे, वेगळा ओळखा. इथे ऱ्हस्व-दीर्घ आड येत नाही. घरी मालवणी बोलणारी पोर असो की हापूसच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा, या पन्नास गुणांपुरते दोघेही शहरातल्या मुलाच्या बरोबरीने बसतात. भाषेला फक्त पंचवीस गुण आहेत. गरीब घरातल्या मुलासाठी याहून सरळ पेपर माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण पेपरपर्यंत पोचायचं तर अर्ज हवा. तो ऑनलाइन भरायचा, बहुधा ऐन पावसाळ्यात. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, फोटो, मुलाची आणि पालकाची सही. फी नाही, तरी गाळणी इथेच लागते. देवगडच्या बागांतली काही नेपाळी कुटुंबं बारमाही राहतात. बाकीची आंबा संपला की गावी जातात आणि पाऊस सरल्यावर परततात. तोवर मुदत टळलेली असते. जी मुलं इथेच असतात, त्यांच्यातही अर्ज भरला जातो तो बहुधा गुरुजींच्या डोळ्यांत भरलेल्याचा. अक्षर वळणदार, हात सतत वर, तो हुशार. मागच्या बाकावरच्या गप्प पोरीबद्दल कुणी ‘हुशार आसा गो ती’ म्हटलंच, तरी ते बोलणं अर्जापर्यंत जात नाही. कोकण मंडळ दहावीला वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, त्याचं कौतुक आहेच. पण त्या टक्केवारीतून नापास किती कमी झाले एवढंच कळतं, हुशार किती हुकले ते नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्याने २००५ मध्ये हुशार मुलांच्या विशेष वर्गांसाठी शिक्षक-पालकांच्या शिफारशीची वाट पाहणं सोडलं आणि दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचे आकडे तपासले. त्या वर्गांत कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक घरांतली आणि गरीब मुलं लक्षणीय वाढली होती. मुलं तीच, फक्त कुणी वगळलं नव्हतं. पुढे मंदीत पैसे आटले, चाचणी आखडली आणि प्रमाण पुन्हा घसरलं.

आपल्याकडे वाडीवरच्या शाळेत पाचवीत मुलं असतात चार-पाच. सगळ्यांचेच अर्ज भरायचे म्हटले तर रेंज मिळेल अशी एखादी दुपार पुरते. केंद्रप्रमुखांनी जूनमध्येच पटावरून यादी करावी आणि ज्याचा अर्ज नाही त्याचं कारण लेखी मागावं. गावी जाणाऱ्या कुटुंबाशी मे महिन्यातच बोलून ठेवावं. मूल पाचवीला इथेच राहणार का, हे तेव्हाच ठरतं.

(पुढील भागात : आठवीची एनएमएमएस)