पाणवठ्यावरची पौर्णिमा

वसंत ऋतू मी गेली अठरा वर्षे फळ्यासमोर उभा राहून शिकवीत आलो आहे. आंब्याचा मोहर, कोकिळ, फुललेला पळस, सारे काही तोंडपाठ. पंचांगाप्रमाणे वैशाखी पौर्णिमाही वसंतातच येते. पण त्या दिवशी चांदवडच्या डोंगरात पाऊल टाकले आणि कवींचा वसंत कुठला, असा प्रश्न पडला. जमीन भाजलेली, गवत करडे. करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या.

२०२४ सालची ती बुद्धपौर्णिमा, २३ मे. या रात्री पाणवठ्याशी बसून जनावरे मोजण्याची वनखात्याची प्रथा जुनी आहे. पाणी थोडे आणि चांदणे भरपूर, म्हणून हा मुहूर्त. एकच जनावर दोनदा आले तर दोनदा मोजले जाण्याची भीती असते. त्यामुळे तज्ज्ञ या गणतीवर फारसे विसंबत नाहीत. पण पाहणाऱ्याला त्याचे काय! परवानगी काढून, वही-पेन्सिल घेऊन मीही बसलो. सोबतीला सत्तरी गाठलेले एक मेंढपाळ आबा.

चांदवड म्हटले की लोकांना अहिल्याबाईंचा रंगमहाल आठवतो, नाहीतर रेणुकामातेचे देऊळ. पाणी कुणाला आठवत नाही. सातमाळ्याच्या या रांगेवर पडलेला पाऊस उत्तरेला गिरणेकडे आणि दक्षिणेला गोदावरीकडे पळतो. डोंगराच्या वाट्याला काय उरणार? म्हणून तर इथल्या किल्ल्यांवर जुन्या माणसांनी कातळात टाकी खोदली. त्यात २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरलेला. आमचा पाणवठा म्हणजे ओहोळातले दोन खाटांएवढे डबके.

"गावालाच टँकर आहे, सर," आबा म्हणाले, "ह्यांनी कुणाकडं अर्ज करायचा?"

दगड आणि फांद्या रचून केलेल्या लपणात आम्ही सहाला शिरलो. आधी मोर आले, मग टिटवीची जोडी. अंधारताच वटवाघळे उडता उडता पाण्याला तोंड लावून जाऊ लागली. लाकडावर हलके ठोके पडावेत तसा आवाज आला. आबा म्हणाले, "रातवा." मारुती चितमपल्लींच्या पुस्तकाचे नाव म्हणून हा शब्द मला ठाऊक होता, पक्षी त्या रात्री भेटला.

नऊला खोकड आले. कोल्ह्याहून लहान, शेपटीचे टोक काळे. चार घोट प्यायचे, मान वर करायची, पुन्हा चार घोट. अकराला साळिंदर, बांगड्या वाजवीत यावे तसे काट्यांचा खुळखुळाट करीत आले आणि खुशाल पिऊन गेले. मी भराभर नोंदी करीत होतो. मनात मात्र एकच ध्यास: बिबट्या.

साडेबाराच्या सुमारास वारा फिरला. तो आता आमच्या पाठीवरून पाण्याकडे वाहू लागला. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर तरस उभे राहिले. पुढून उंच, मागून उतरते, अंगावर पट्टे. नाक वर करून त्याने हवा हुंगली आणि ते मागे वळले. पुन्हा आले, पुन्हा वळले. तिसऱ्या खेपेला तीस पावलांवर येऊन खालीच बसले.

"तहानलंय ते," आबा कुजबुजले. "आपण उठल्याबिगर प्यायचं नाही. चला, सर."

मी हात करून थांबवले. परवानगी सकाळपर्यंतची होती. शिवाय बिबट्या राहिला होता! अर्धा तास मी तसाच बसून राहिलो. ते जनावरही बसून राहिले. आबा एक शब्द बोलले नाहीत. पण माझ्याकडे पाहतही नव्हते. अखेर मीच थर्मास उचलला. आम्ही मागच्या बाजूने निघून त्यांच्या वस्तीवर जाऊन पडलो. मला झोप लागली नाही.

उजाडताच परत गेलो. काठच्या चिखलात तरसाचे पंजे उमटले होते, नखांसकट. पुढचे मोठे, मागचे लहान. त्यांच्या शेजारी दुसरेही ठसे होते. गोल, रुंद, नखांची खूण नसलेले. आबा उकिडवे बसले आणि बोटाने त्यांच्याभोवती रेघ ओढीत म्हणाले, "हा तुमचा बिबट्या. आपण गेल्यावर आलाय. लिहा की वहीत."

पण प्रत्यक्ष दिसलेलेच लिहायचे, असे मला सांगितलेले होते. एकनंतरचा रकाना मी कोराच दिला.